उरलेली प्रत

नक्कल ह्या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. नकलाकार म्हटला की तो हसवणारा, नि नकली म्हटले की ते टाकून देण्याजोगे. शाळेत तर हा शब्द अधिकच बदनाम. परीक्षेच्या दिवसांत आम्ही मास्तर मंडळी जिच्या मागे लागतो तिला मुले ‘कॉपी’ म्हणतात, आणि त्या शब्दाला एखादा चांगला अर्थही असू शकेल हे पुष्कळांना जन्मभर कळत नाही. त्यातून मी राहणारा कल्याणच्या पलीकडचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने ज्याने लोकलच्या दारात लोंबकळून वर्षानुवर्षे मोजली आहेत, त्याला ‘मेड इन यू. एस. ए.’चा विनोद समजावून सांगावा लागत नाही. यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा विनोद सिंधी दुकानदारच गिऱ्हाइकाला हसत हसत सांगतात, तेव्हा तो मी इथे लिहिला म्हणून कुणी रागावू नये.

हसताना एक गोष्ट मात्र आपण विसरतो. १९४७ नंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जे लोक आणून ठेवले गेले, त्यांचे अस्सल असे जे काही होते, घर, पेढी, शेत, नदी, ते सारे सिंधमध्ये राहिले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते ह्या छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. छावणी उठून पाऊणशे वर्षे झाली, पण गावाने आपले निर्वासितपण नावातून पुसले नाही. अशा माणसांपैकी कुणी समोरची वस्तू पाहून तशीच दुसरी बनवून विकायला घेतली, तर मला त्याला एकदम दोष देववत नाही. परंतु साबणाची नि पावडरीची नक्कल वापरली की संपते. बोलपटाची नक्कल ही चीज निराळी आहे. ती संपत नाही. कधी कधी तीच तेवढी उरते. आणि तिथेच तो प्रश्न उभा राहतो जो गेले वर्षभर मला स्वस्थ बसू देत नाही. मालक जी वस्तू सांभाळीत नाही, ती दुसऱ्याने न विचारता उतरवून घेऊन सांभाळली, तर त्या दुसऱ्याला चोर म्हणावे की राखणदार?

हा प्रश्न मला घातला तो अंबरनाथच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी. उभी हयात विम्कोच्या काडेपेट्यांच्या कारखान्यात गेली. उरलेला सगळा वेळ बोलपटांत. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. खून, खटला, खोटा साक्षीदार असे काही असले की काकांची जेवणाची वेळ चुकते. त्यांच्या मुलाने गेल्या दिवाळीत परदेशातून त्यांना एक तबकडी पाठवली. ‘वूमन ऑन द रन’ हा १९५० सालचा अमेरिकन बोलपट. दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टर, नायिका ॲन शेरिडन. कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलेला एक साधा माणूस खून होताना पाहतो आणि जिवाच्या भीतीने नाहीसा होतो. त्याची बायको त्याला सॅन फ्रान्सिस्को शहरभर शोधीत हिंडते. नवराबायकोचे फारसे पटत नसते. शोधता शोधता, ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकता ऐकता, आपला नवरा कोण होता हे तिला पहिल्यांदाच कळू लागते. खुनी कोण ते मी सांगत नाही. दिवाळीच्या दिवसांत कुणाचा विरस का करा?

हा बोलपट मागे पडला आणि विसरला गेला. त्याच्या भिकार, धूसर प्रती स्वस्तात मिळत. चांगली प्रत कुणी पाहिलेली नव्हती. अशा विस्मृतीत गेलेल्या गुन्हेपटांचा ध्यास घेतलेले एडी म्युलर नावाचे एक गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोत आहेत. त्यांना युनिव्हर्सल कंपनीच्या कोठारात ह्या बोलपटाची एक सुरेख प्रत सापडली. २००३ साली त्यांनी ती आपल्या महोत्सवात दाखवली. पुढे १ जून २००८ रोजी युनिव्हर्सलच्या आवारात मोठी आग लागली आणि ती प्रत जळून गेली. इथे गोष्ट संपायची. पण म्युलर ह्यांनी प्रत परत करण्यापूर्वी कुणाला न सांगता तिची एक नक्कल उतरवून ठेवली होती. ती हाताशी होती म्हणून बोलपट डोळ्यांआड झाला नाही. नंतर लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे त्याची फिल्म मिळाली, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाने ती स्वच्छ करून घेतली, आणि २०१६ साली फ्लिकर ॲली ह्या संस्थेने संग्राहकांसाठी त्याची देखणी तबकडी काढली. तिच्याबरोबर छायाचित्रांची पुस्तिका आहे, जाणकाराचे भाष्य आहे. आपल्याकडे एखाद्या संतकवीच्या गाथेचीसुद्धा इतकी बडदास्त क्वचितच ठेवली जाते.

काकांनी ही सगळी हकीकत मला सांगितली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारले, “मास्तर, एक सांगा. ह्या म्युलरसाहेबाला पोलिसांनी धरला कसा नाही?”

मी म्हटले, “काका, त्याने बोलपट वाचवला.”

“वाचवला हे आग लागल्यावर कळले. आग लागली नसती तर?”

मला उत्तर सुचले नाही. काका उठले आणि त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या तीन तबकड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. वर झेरॉक्सचे वेष्टन, त्यावर वाकडे छापलेले नाव: पाठलाग. पंधरावीस वर्षांपूर्वी उल्हासनगरला एका हातगाडीवर घेतलेल्या. चित्राच्या कोपऱ्यात दूरदर्शनची खूण सारखी दिसते. म्हणजे कुणीतरी तो टेलिव्हिजनवर लागला असताना कॅसेटवर उतरवून घेतला, कॅसेटवरून तबकडीवर, आणि तबकडीवरून आणखी किती तबकड्यांवर ते झुलेलालच जाणे.

‘पाठलाग’ १९६४चा. राजा परांजपे ह्यांचा. ‘लाखाची गोष्ट’ नि ‘पेडगावचे शहाणे’ करून महाराष्ट्राला हसवणाऱ्या ह्या माणसाने जयंत देवकुळे ह्यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवरून एक रहस्यपट काढला, आणि त्या वर्षीचे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्याला मिळाले. नायक वकील, काशिनाथ घाणेकर. बायको आजारात जाते, तिला तो आपल्या हातांनी अग्नी देतो. आणि मग दरोडेखोरांच्या टोळीबरोबर पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मी ह्यांची पत्नी. चेहरा तोच. आवाज तोच. चार भिंतींत घडलेल्या गोष्टी ती सांगू लागते, ज्या दुसऱ्या कुणालाच ठाऊक असण्याचे कारण नाही. भावनाबाईंनी त्यात जे काम केले आहे ते पाहिल्यावर आपण जाळले कुणाला नि समोर उभी आहे कोण, हे त्या वकिलाइतकेच आपल्यालाही कळेनासे होते. इतक्या वर्षांनी रहस्य फोडल्याचे पाप लागत नसावे असे धरून सांगतो: बहिणी जुळ्या असतात, नि जळलेली असते ती दुसरी. अस्सल कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी, आणि नकलेची राख अस्सल म्हणून विसर्जित झालेली!

ह्या बोलपटाचे नशीबही त्याच्या कथेसारखेच निघाले. दोनच वर्षांनी, १९६६ साली, राज खोसला ह्यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला. सुनील दत्त, साधना, मदनमोहनचे संगीत. रीतसर केला, चांगला केला, त्याविषयी तक्रार नाही. पण आज रस्त्यावर दहाजणांना विचारा. नऊजण ‘मेरा साया’ हाच मूळचा समजतील. त्यातल्या झुमक्याच्या गाण्यामुळे बरेली शहराने २०२० साली एका चौकात भलामोठा झुमका उभारला. आमच्या ‘पाठलाग’चे लोकांना आठवते ते एवढेच, गदिमांनी लिहिलेले नि दत्ता डावजेकरांनी चाल दिलेले, डोळ्यांच्या पाखरांचे गाणे. तेही पुष्कळांना कुठल्या बोलपटातले ते सांगता येत नाही. मूळचा उपेक्षित राहिला, प्रतिकृतीला स्मारक मिळाले. (माझ्या माहितीत तरी महाराष्ट्रात एकाही चौकात पाखरे बसवलेली नाहीत.)

आता काकांच्या त्या तीन तबकड्या. त्या चोरीच्या होत्या ह्यात मला संदेह नाही. हातगाडीवाल्याने त्यासाठी कुणाला दमडी दिली नव्हती. आणि ह्या बाबतीत मी कडक आहे. बोलपट काढणारा माणूस काय काय घालून बसलेला असतो हे आपण महाराष्ट्राने तरी विसरू नये. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून विलायत गाठली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पायी सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. दहा रुपयांच्या चोरट्या तबकडीने जो पैसा बुडतो तो कुठल्यातरी सरस्वतीबाईंच्या बांगड्यांचा असतो. गरिबीची सबबही फार काळ चालण्यासारखी नव्हती. २००७ साली मोझर बेअर कंपनीने अस्सल तबकड्या अठ्ठावीस आणि चौतीस रुपयांना काढल्या, त्या चोरांचा धंदा बसावा म्हणूनच. तरी चोरट्या तबकड्या खपतच राहिल्या, आणि पुढे, २०१८ साली, ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. तिच्या बुडण्याची कारणे पुष्कळ. पण अठ्ठावीस रुपयेही ज्याला जड वाटतात तो गरीब नसतो, त्याला फुकटाची सवय लागलेली असते.

इथपर्यंत मी ठाम होतो. माझी पंचाईत झाली ती ह्या प्रश्नाची दुसरी बाजू पाहताना.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. हिंदुस्थानचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत कुठेही नाही. जाहिराती आहेत, छायाचित्रे आहेत, गर्दी आवरेना हे सांगणाऱ्या आठवणी आहेत, बोलपट नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा ज्यांनी १९६४ पासून पाया घातला ते पी. के. नायर सांगत की, आपण त्याच्या मागावर गेलो तेव्हा रिळे आधीच चांदी काढण्यासाठी विकली गेली होती. जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर चांदीचा लेप असे. ती खरवडून विकणे हा रीतसर धंदा होता, आणि विकणारे दुसरेतिसरे कुणी नसून बोलपटाचे मालकच असत. बिचाऱ्यांना तेव्हा वाटले, चालून चालून झिजलेल्या पट्ट्या आहेत, निदान चांदी तरी निघेल. कायद्याने ह्यात काहीही गैर नव्हते. त्यांचा माल, त्यांची चांदी.

पण समजा, १९३१ साली मॅजेस्टिकच्या यंत्रघरातल्या एखाद्या पोऱ्याने मालकाची नजर चुकवून एक प्रत लांबवली असती आणि आजीच्या ट्रंकेत दडवून ठेवली असती, तर आज आपण त्याला काय म्हटले असते? त्याच्या नावाने पुरस्कार ठेवला असता! काकांचा आक्षेप इथे बरोबर आहे की, हा न्याय पश्चातबुद्धीचा आहे. पोऱ्याची करणी तीच. चांदीवाला आला म्हणून तो संत, आला नसता तर भुरटा. कृत्य चांगले की वाईट हे पुढे लागणाऱ्या आगीवर ठरायचे असेल तर नीतीला अर्थ काय राहिला?

आणि ‘मी नेले म्हणून वाचले’ ही सबब काही बोलपटचोरांनी शोधून काढलेली नाही. आमच्या देवळांतल्या मूर्ती परदेशी दिवाणखान्यांत जाऊन बसल्या तेव्हा नेणाऱ्यांनी हेच सांगितले. तिथे असत्या तर चुना फासला असता, इथे काचेत आहेत! ही भाषा मला ऐकवत नाही. मग म्युलरसाहेबांच्या तोंडी ती मला का चालावी?

ह्यावर विचार करताना मला अंबरनाथचेच देऊळ आठवले. शके ९८२चा, म्हणजे सन १०६०चा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे शिवालय. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची माणसे इथे येऊन राहिली. त्यांनी देवळाची मापे घेतली, चित्रे काढली आणि शिल्पांचे साचे उतरवून नेले. साचा गेला, शिल्प जागेवर राहिले. आज तुम्ही गाभाऱ्याकडे उतरा, भिंतीवर काही उणे झालेले दिसणार नाही. मूर्तिचोराने मात्र मूर्ती नेली की मागे रिकामे कोनाडे राहते, आणि त्या कोनाड्यापुढे हात जोडणाऱ्या म्हातारीचे काहीतरी गेलेले असते. साच्याने कुणाचे काही जात नाही, जर त्या साच्यातून मूर्ती पाडून विकणारा दुकान मांडून बसला नसेल तर. मला वाटते, भेद आहे तो इथे. उतरवून घेण्याने कोनाडे रिकामे होत नाही. विकायला बसले की मात्र कुणाच्या तरी ताटातला घास उचलला जातो. उल्हासनगरच्या हातगाडीवाल्याला मी ह्या न्यायाने सोडीत नाही. टेलिव्हिजनपुढे बसून कॅसेट फिरवणाऱ्या त्या अनामिकाला मात्र सोडतो.

आपल्या परंपरेत तर उतरवून घेणे हे पुण्यच होते. छापखाने येण्यापूर्वी पोथी कुणाच्या ‘मालकी’ची असे ती नक्कल करणाऱ्याच्या हाताने जगत असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच नकलांतून. नकला अशुद्ध होत्या हे खरे, पण त्या नसत्या तर शुद्ध करायला उरले काय असते? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या. पाण्याने त्या कोरड्या परत दिल्या असे भाविक मानतात. ज्यांचा चमत्कारावर विश्वास नाही ते म्हणतात, अभंग लोकांना पाठ होते, संताजी जगनाड्यांसारख्यांनी ते लिहून ठेवले होते. दोन्ही मतांचे लोक एका गोष्टीवर एक आहेत: बुडवणाऱ्याला वह्या बुडवण्याचा अधिकार होता की नाही हा वाद तेव्हाच निकालात निघाला होता.

ह्यावरून मी अशा मतास आलो आहे की, कृतीच्या मालकाला तिची मिळकत खाण्याचा पुरा हक्क आहे. तिला मरू देण्याचा हक्क त्याला नाही. घरमालक भाडे घेईल. भाडेकरू आत असताना घर पाडणार नाही. आणि बोलपटात भाडेकरू पुष्कळ असतात. पडद्यावरचे राजाभाऊ परांजपे १९७९ साली गेले, घाणेकर १९८६ साली. त्यांचे चालणे, मान वळवणे, एक शब्द उच्चारण्यापूर्वी घेतलेला श्वास, हे सारे आता त्या पट्टीवरच राहते. ते कुण्या निर्मात्याच्या वारसाच्या मर्जीवर सोडावे, हे मला पटत नाही.

कायद्यालाही हे कुठेतरी ठाऊक असावे. नाहीतर त्याने मालकीला मुदत घातली नसती. आपल्या कायद्याने बोलपटाचा हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर साठ वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची पन्नास वर्षे १९९१ अखेर भरत आली तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. हिशेब करून पाहा. ‘पाठलाग’ १९६४चा, म्हणजे त्याचा हक्क ३१ डिसेंबर २०२४च्या मध्यरात्री संपला. काकांच्या कपाटातल्या त्या तीन तबकड्या रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत चोरीचा माल होत्या आणि मिनिटाभरात सज्जन झाल्या. कुणी त्यांना हात लावला नाही, कुणी पश्चात्ताप केला नाही! (गाण्यांच्या शब्दांचे खाते निराळे. गदिमा १९७७ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत चालेल. तेव्हा कुणी उद्या दुकान मांडायला धावू नये.)

त्या सुरेख विलायती तबकडीविषयीही एक कुरकुर नोंदवायची आहे. अशा तबकड्या मोजक्याच काढतात. कित्येकांवर क्रमांक घातलेला असतो. आणि संग्राहकांत अशी एक जात आहे की ती वरचा प्लॅस्टिकचा कागदही फाडीत नाही. फाडला की किंमत उतरते! पैसे मोजून, पावती घेऊन, कायद्याच्या सर्व कलमांना वंदन करून आणलेला बोलपट तिथे आयुष्यभर न पाहिलेला पडून असतो. माझ्या मनात त्या बोलपटाला चांदीवाल्याकडे पाठवणे आणि असे पुरून ठेवणे ह्यांत फार अंतर नाही. काकांनी निदान आपला ‘पाठलाग’ चाळीतल्या पाच पिढ्यांना, चहा पाजून, दाखवला. साक्षीचा प्रसंग आला की ते थांबवतात आणि विचारतात, “बोला, खरी की खोटी?” एकदा एक आजी उठून म्हणाल्या होत्या, “नवऱ्याला ओळखता येत नाही ह्याचाच खटला चालवा आधी.”

पण राखण करणारालाही त्याचे ऋण आहेच. बदलापूरच्या एका घरी जुन्या कॅसेटींचा असाच संग्रह होता. २६ जुलै २००५ला उल्हास नदी घरात आली तेव्हा तळमजल्यावरचे सारे गेले. एकाच घरात, एकाच कपाटात ठेवलेली वस्तू ही हरवण्याच्या वाटेवर असलेलीच वस्तू. काकांच्या तबकड्यांनाही आता वार्धक्य आले आहे. तिसरीवरचा चंदेरी पापुद्रा कडेने सुटू लागला आहे आणि ऐन उलगड्याच्या वेळी चित्र थबकते. ‘पाठलाग’च्या ह्याहून चांगल्या प्रती जगात आहेत, तेव्हा ह्या तीन गेल्याने आभाळ कोसळणार नाही. तरी काकांचा आग्रह, आणि तो मला बरोबर वाटतो: आपल्याकडे आली आहे ती आपल्याकडे असताना मरू नये.

म्हणून जानेवारीत आम्ही दोघे त्या तबकड्या घेऊन उल्हासनगरला गेलो. तबकड्यांची दुकाने आता जवळपास संपलीच. पण लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देणारे एक छोटे दुकान आहे. दुकानदाराने पाकीट उलटेसुलटे करून पाहिले, झेरॉक्सचे वेष्टन पाहिले, आणि तबकड्या आमच्याकडे सरकवल्या.

“साहेब, हे नाही करणार आपण. ड्युप्लिकेट आहे.”

काका माझ्याकडे पाहू लागले. मी त्याला १९६४, साठ वर्षे, ३१ डिसेंबर, असे सगळे फळ्यावर मांडावे तसे मांडून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, हिशेबाच्या यंत्रावर साठ मिळवून पाहिले आणि मान हलवली. मग पहिली तबकडी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसत विचारले, “किती करू?”

काका म्हणाले, “चार. चार घरी ठेवायच्या आहेत. आणि तिसरीला जरा जपून.”